फायटर-विझर्ड मल्टिक्लास करू का? आधी पाचवी लेव्हल गाठ, मग बोलू

प्रश्न असा आलाय: कोथरूडला नवीन ग्रुप जमलाय, पाच खेळाडू आणि एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि राक्षस चालवणारा), डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर बसून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी एडिशन, २०१४ चं पुस्तक, सुरुवात पहिल्या लेव्हलपासून. तुला असं कॅरेक्टर हवंय जे पुढे उभं राहून तलवार चालवेल आणि वेळ आली की फायरबॉल पण टाकेल, म्हणजे फायटर-विझर्ड, लढवय्या आणि जादूगार एकात. ग्रुपमधले दोघं म्हणतायत मल्टिक्लासच कर, म्हणजे लेव्हल दोन क्लासमध्ये (कॅरेक्टरच्या पेशांत) वाटून घे, एकाच क्लासमध्ये अडकलास की बोअर होतं. डीएम म्हणतोय पहिलंच कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) आहे, एकच क्लास घे. कुणाचं ऐकू?

मी पुण्यात बरीच वर्षं डीएमिंग करतेय, कॉलेजच्या मुलांबरोबर आणि आठवडाभर हिंजवडी करून दमलेल्या मंडळींबरोबर पण, आणि माझं म्हणणं सरळ आहे. निदान पाचव्या लेव्हलपर्यंत एकच क्लास ठेव. त्यानंतर वाटलं तर दुसरा घे, पण तुला जे हवंय त्यासाठी बहुतेक दुसऱ्या क्लासची गरजच पडणार नाही. का ते नीट सांगते, कारण ‘नवीन आहेस म्हणून नको’ हे कारण मला पटत नाही, नवीन लोकांना नियम व्यवस्थित झेपतात, दोन सेशनमध्ये शिकतात. अडचण वेगळी आहे.

नेटवर मल्टिक्लासचे जे बिल्ड (कॅरेक्टर कसं वाढवायचं याचे आराखडे) फिरतात ते बहुतेक विसाव्या लेव्हलचे असतात. अमुक क्लासच्या दोन लेव्हल, तमुकच्या तीन, उरलेल्या पंधरा तिसऱ्याच्या, आणि मग म्हणे बघा एका टर्नमध्ये किती डॅमेज निघतं. असेल. पण आपल्याकडे कॅम्पेन कसं चालतं ते बघ ना. दर रविवारी भेटायचं ठरतं, मग ते दर दुसऱ्या रविवारी होतं, गणपतीत दहा दिवस कुणी मोकळं नसतं, दिवाळीत अर्धे गावाला, मग कुणाची परीक्षा, कुणाचं रिलीज, एक जण ऑनसाइटला जातो नाहीतर बंगलोरला शिफ्ट होतो. माझ्या टेबलवर जी कॅम्पेन्स छान शेवटापर्यंत गेली ती सुद्धा आठव्या-दहाव्या लेव्हलच्या आसपास संपली, आणि त्यात काही कमी पडलं असं कुणालाच वाटलं नाही. म्हणजे तू ज्या कॅरेक्टरबरोबर वर्षभर राहणार आहेस ते दुसऱ्या ते आठव्या लेव्हलमधलं कॅरेक्टर आहे. त्यामुळे कुठलाही बिल्ड बघताना एकच प्रश्न विचारायचा: चौथ्या, पाचव्या, सहाव्या लेव्हलला माझी टर्न आली की मी नक्की काय करणार? विसाव्याला काय मिळतं ते सोडून दे.

आता पाचवी लेव्हल एवढी महत्त्वाची का. पाचव्या एडिशनमध्ये जवळपास प्रत्येक क्लास तिथे मोठी उडी मारतो. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक या सगळ्यांना एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे हल्ले एकाचे दोन. विझर्ड, सॉर्सरर, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड यांना तिसऱ्या लेव्हलचे स्पेल (मंत्रांची लेव्हल कॅरेक्टरच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात) मिळतात, फायरबॉल त्यातलाच. रोगला (हा चोराचा क्लास) अंकॅनी डॉज मिळतो, म्हणजे लागलेला वार निम्मा, आणि स्नीक अटॅक (संधी साधून केलेला जादा घाव) ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, होतो. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे शिकलेल्या कामांत फाशावर मिळणारी भर, +२ चा +३ होतो. डीएम पण हे धरूनच समोर राक्षस ठेवतो, कारण पुस्तकातलं एन्काउंटरचं (लढाईचं) गणित पार्टीतल्या प्रत्येकाची एकूण लेव्हल बघतं, तू ती कुठल्या क्लासमध्ये घालवलीस ते बघत नाही. यातला प्रोफिशियन्सी बोनस आणि कॅन्ट्रिपची (कितीही वेळा टाकता येणाऱ्या छोट्या मंत्रांची) ताकद या दोनच गोष्टी एकूण लेव्हलवर वाढतात, बाकी जवळपास सगळं त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर.

तुझंच कॅरेक्टर घेऊ. समज पाचव्या लेव्हलला तू फायटर ३ विझर्ड २ आहेस आणि शेजारी एक सरळ फायटर ५ आणि एक सरळ विझर्ड ५ बसलेत. फायटरने चौथ्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १६ ची १८ केलीय, हातात लाँगस्वोर्ड, ड्युएलिंग स्टाइल. त्याचा एक वार लागला की १डी८+६ (स्ट्रेंग्थचे ४, स्टाइलचे २), सरासरी साडेदहा, आणि त्याचे दोन वार आहेत, म्हणजे एकवीस. अॅक्शन सर्ज (एक जादा अॅक्शन) वापरला तर त्या टर्नला चार वार. विझर्ड फायरबॉल टाकतो, ८डी६, सरासरी २८, तेही वीस फूट त्रिज्येत जे जे कुणी सापडेल त्या प्रत्येकाला, सेव्ह केली (फासा टाकून त्यातून वाचला) तर निम्मं. आता तुझी टर्न. तुझ्या फायटरच्या तीनच लेव्हल आहेत म्हणून एक्स्ट्रा अटॅक नाही, विझर्डच्या दोनच आहेत म्हणून फक्त पहिल्या लेव्हलचे स्पेल. स्ट्रेंग्थ अजून १६, कारण ती वाढवायची संधी क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते आणि तू कुठल्याच क्लासच्या चौथ्यावर पोचलेला नाहीस. मग एक वार, सरासरी साडेनऊ. नाहीतर मॅजिक मिसाइल, तीन बाण मिळून सरासरी साडेदहा. अॅक्शन सर्ज आहे, तो लावलास तर दोन्ही मिळून सरळ फायटरच्या साध्या टर्नएवढं होतं, आणि ते पण शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) एकदा. तुझ्याकडे शील्ड स्पेल आहे, एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) +५, तो खरंच भारी आहे हे मान्य. पण प्रत्येक टर्नला ‘माझं इतकंच होतं’ असं वाटत सहा महिने काढणं फार जड जातं. मी हे टेबलवर होताना बघितलंय, मुलगा हुशार होता, कॅरेक्टरची गोष्ट सुंदर लिहिली होती, आणि लढाईत तो हळूहळू फोन बघायला लागला.

आणि हे किती दिवस चालणार? फायरबॉल येणार विझर्डच्या पाचव्या लेव्हलला, म्हणजे फायटर ३ विझर्ड ५, एकूण आठवी लेव्हल. एक्सपीमध्ये (अनुभवाच्या गुणांत) बघ: पाचवी लेव्हल ६,५०० ला येते, आठवी ३४,००० ला. जो फायरबॉल शेजारचा ६,५०० ला टाकायला लागला तो तुला ३४,००० ला मिळणार, तोपर्यंत त्याच्याकडे चौथ्या लेव्हलचे स्पेल आलेले असतात. शिवाय अॅबिलिटी स्कोर वाढवायच्या किंवा फीट (खास कसब) घ्यायच्या संध्या मोज. आठव्या लेव्हलपर्यंत सरळ फायटरला तीन मिळतात (चौथी, सहावी, आठवी), सरळ विझर्डला दोन, तुला एक. हे बिल्डच्या व्हिडिओत कुणी बोलत नाही.

तुझ्या जोडीत अजून एक अडचण आहे. मल्टिक्लास करायला दोन्ही क्लासच्या मुख्य अॅबिलिटीत कमीत कमी १३ लागतात. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३, विझर्डला इंटेलिजन्स १३. तेरा जमवणं सोपं आहे, पण नुसत्या तेरावर स्पेल चालत नाहीत ना, शत्रू सहज सेव्ह करतो. मग इंटेलिजन्स पण वाढवायची, स्ट्रेंग्थ पण, जीव राहावा म्हणून कॉन्स्टिट्यूशन पण. कागद फाटतो. मल्टिक्लास सगळ्यात छान कुठे बसतो तर जिथे दोन्ही क्लास एकाच अॅबिलिटीवर जगतात. करिश्मावर पॅलाडिन, बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक असे चौघं आहेत, म्हणून नेटवरचे निम्मे बिल्ड त्या चौघांतलेच असतात. विस्डमवर क्लेरिक, ड्रुइड, आणि डेक्सबरोबर रेंजर, मंक. इंटेलिजन्सवर मूळ पुस्तकात विझर्ड एकटा. त्याला जोडीदारच नाही.

स्पेलवाल्या दोन क्लासची जोडी करणाऱ्यांसाठी एक सापळा सांगून ठेवते, कारण हा नियम जवळजवळ प्रत्येक नवीन ग्रुप चुकीचा वाचतो. समज विझर्ड ३ क्लेरिक ३. स्लॉट (किती स्पेल टाकता येतात तो साठा) मोजताना दोन्ही लेव्हल एकत्र धरतात, म्हणून सहाव्या लेव्हलच्या कास्टरचे स्लॉट मिळतात, तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट त्यात आले. लोक खूश होतात. पण स्पेल कुठले येतात ते प्रत्येक क्लास वेगळा धरून, म्हणजे विझर्ड म्हणून दुसऱ्या लेव्हलपर्यंत, क्लेरिक म्हणून पण दुसऱ्या लेव्हलपर्यंत. तिसऱ्याचे स्लॉट आहेत आणि त्यात घालायला तिसऱ्याचा एकही स्पेल नाही, ना फायरबॉल, ना स्पिरिट गार्डियन्स. खालचे स्पेल वरच्या स्लॉटमधून टाकत बसायचं. पॅलाडिन आणि रेंजरच्या लेव्हल निम्म्या धरायच्या, २०१४ च्या नियमात खाली राउंड करून, २०२४ मध्ये वर. वॉरलॉकचे स्लॉट तर पूर्णच वेगळे, शॉर्ट रेस्टला परत येणारे, ते या बेरजेत येतच नाहीत.

तुझे ते दोन मित्र खोटं बोलतायत असं नाही बरं का. मला वाटतं त्यातला एक जण जुन्या एडिशनचं बोलतोय आणि दुसरा बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेमचं.

जुनं आधी. १९७४ च्या पहिल्या डीअँडडीत तीनच क्लास होते, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक, आणि एल्फला सूट होती की एका मोहिमेत फायटिंग-मॅन व्हायचं, दुसऱ्या मोहिमेत मॅजिक-यूजर. मग १९७८ च्या अॅडव्हान्स्ड डीअँडडीत मल्टिक्लास नीट आला, पण तो फक्त एल्फ, ड्वार्फ, हाफ-एल्फ अशांना. सुरुवातीलाच दोन-तीन क्लास निवडायचे आणि मिळालेला एक्सपी सारखा वाटायचा. माणसाला हे नव्हतंच, त्याला ड्युअल-क्लास होतं, जुना क्लास कायमचा सोडून नव्यात पहिल्यापासून सुरू, त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य अॅबिलिटीत १५ आणि नव्याच्या १७ हव्यात, आणि नवा क्लास जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं कसब वापरलं तर त्या मोहिमेचा एक्सपी गेला. पण गंमत यात आहे की त्या काळात पुढची लेव्हल साधारण दुप्पट एक्सपीला यायची, निदान आठव्या-नवव्यापर्यंत. म्हणजे एक्सपी दोन क्लासमध्ये निम्मा-निम्मा वाटला तरी दोन्ही क्लासमध्ये तुम्ही जेमतेम एक लेव्हल मागे! पार्टीतला फायटर पाचव्यावर असेल तर एल्फ साधारण फायटर ४ मॅजिक-यूजर ४. अशा खेळात मल्टिक्लास न करणं वेडेपणाच होता. २००० च्या तिसऱ्या एडिशनने ते मोडलं आणि आजची पद्धत आणली, दर लेव्हलला हवा तो क्लास घ्या, बेरीज एकच. त्या दिवसापासून फायटर-विझर्ड ४/४ ऐवजी ३/२ झाला. जुन्या माणसाचा सल्ला त्याच्या खेळापुरता बरोबरच आहे, फक्त खेळ तो राहिला नाही.

बाल्डर्स गेट ३ चं म्हणशील तर २०२३ मध्ये तो आल्यापासून माझ्या टेबलवर येणारे निम्मे नवीन लोक तिथूनच येतात, आणि मला त्याचा आनंदच आहे, नियम अर्धे पाठ असतात त्यांचे. पण त्या गेममध्ये तेराची अट नाही. शंभर गोल्ड दिले की सगळं कॅरेक्टर परत बनवता येतं, त्यामुळे चौथ्यापर्यंत सरळ खेळून पुढे मोडतोड केली तरी चालतं. वॉरलॉकचा पॅक्ट ऑफ द ब्लेडवाला जादा हल्ला तिथे ऑनर मोड (सगळ्यात कठीण मोड) सोडून दुसऱ्या क्लासच्या एक्स्ट्रा अटॅकवर चढतो, टेबलवर एक्स्ट्रा अटॅकची बेरीज कधीच होत नाही, दोन क्लासकडून मिळाला तरी हल्ले दोनच. आणि मुख्य म्हणजे तिथे चारही कॅरेक्टर तूच चालवतोस. एक जरा कमी पडलं तर बाकीचे तीन आहेत. टेबलवर तुझ्याकडे एकच आहे आणि तुझी टर्न परत यायला पंधरा मिनिटं लागतात.

मग मल्टिक्लास चांगला कधी? मला मल्टिक्लास मनापासून आवडतो, हे वाचून उलटं वाटेल म्हणून सांगते, आणि माझं आवडतं उदाहरण बार्बेरियन ५ रोग १ हे आहे. आमच्या एका खेळाडूने हे केलं, पाचवी लेव्हल बार्बेरियनची पूर्ण केली, एक्स्ट्रा अटॅक खिशात, आणि मग सहावी लेव्हल रोगची. त्या एका लेव्हलमध्ये एक्स्पर्टीज मिळते, ती तिने अॅथलेटिक्सला लावली. स्ट्रेंग्थ १८ चे +४, प्रोफिशियन्सी +३ दुप्पट होऊन +६, एकूण +१०, आणि रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) असताना स्ट्रेंग्थच्या चेकला अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डाय टाकून मोठा घ्यायचा. त्या सेशनला घाटातल्या एका खिंडीत ट्रोल होता. ट्रोल दर टर्नला दहा हिट पॉइंट भरून काढतो, आगीचा नाहीतर अॅसिडचा घाव बसला तरच ते थांबतं, आणि पार्टीत आग लावणारं कुणी नव्हतं, त्यांचा विझर्ड त्या दिवशी लग्नाला गेला होता. ट्रोलचा अॅथलेटिक्स +४. तिने पहिल्या हल्ल्याच्या जागी ग्रॅपल केलं, पकडलाच, दुसऱ्या हल्ल्यात त्याला आडवा पाडला आणि पुढच्या टर्नला अर्ध्या वेगाने फरफटत त्यांच्याच रात्रीच्या शेकोटीत नेऊन धरून ठेवला. त्याचा उठायचा प्रश्नच नाही, कारण ग्रॅपल झालेल्याचा वेग शून्य असतो आणि वेग शून्य असला की आडव्याला उभं राहता येत नाही. बाकीच्यांनी तिथेच कापला. शिवाय रेकलेस अटॅकने (बार्बेरियनच्या बेधडक हल्ल्याने) अॅडव्हान्टेज आपोआप मिळतो, त्यामुळे रेपियर घेतलं की स्नीक अटॅक दर टर्नला लागू, त्याला फिनेस (रेपियरसारखं चपळ) शस्त्र हवं एवढीच अट आहे, डेक्स्टेरिटीनेच मारलं पाहिजे असं नियमात कुठेही नाही, स्ट्रेंग्थने मारलं तरी चालतं आणि रेजचं जादा डॅमेज पण मिळतं.

यात बघ काय झालं. दुसरा क्लास आला तो पहिल्या क्लासचंच काम धारदार करायला. ती आधीही पुढे जाऊन पकडणारी होती, नंतरही तीच राहिली. तिने नवीन काम अंगावर घेतलं नाही, पाचव्याच्या आधी सोडून गेली नाही, आणि एकच लेव्हल खर्च केली. (२०२४ च्या नियमात ही ग्रॅपलची युक्ती चालत नाही, तिथे समोरच्याला सेव्हिंग थ्रो करायचा असतो, अॅथलेटिक्स बाजूला राहतं. तुमचा ग्रुप पुढे नवीन पुस्तकावर गेला तर लक्षात ठेव.)

बिघडतं कुठे, तर टर्नमध्ये. एक अॅक्शन, एक बोनस अॅक्शन, एक रिअॅक्शन, याच्यापुढे काही नाही, क्लास दोन घेतले म्हणून टर्न दोन मिळत नाहीत. रेंजरचा हंटर्स मार्क आणि वॉरलॉकचा हेक्स एकत्र लावू म्हणून लोक येतात, दोन्ही बोनस अॅक्शन आणि दोन्ही कॉन्सन्ट्रेशन, एक लावला की दुसरा गेला. बार्बेरियनबरोबर कुठलाही कास्टर घेतला तर रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही आणि कॉन्सन्ट्रेशनही टिकत नाही. मंकचे ‘की’ पॉइंट, सॉर्सररचे पॉइंट, पॅलाडिनचं ले ऑन हँड्स (लेव्हल गुणिले पाच), हे सगळे साठे त्या क्लासच्या लेव्हलवर भरतात, तिथे एक लेव्हल कमी म्हणजे साठा कमी. मंकला तर मी कधीच दुसरा क्लास सुचवत नाही. पॅलाडिनलाही सहाव्याआधी हलू नको म्हणते, कारण सहाव्याला जो ऑरा मिळतो त्यात दहा फुटांतल्या सगळ्या मित्रांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये त्याचा करिश्मा मिळवला जातो, आणि ती गोष्ट पूर्ण पार्टीची आहे, त्याच्या एकट्याची नाही.

गोष्टीसाठी मल्टिक्लास करणाऱ्यांबद्दल मला जास्त आदर आहे. चोर होता, देवळात लपला, तिथल्या पुजाऱ्याने जीव वाचवला, आता शपथ घेतोय, आणि पुढची लेव्हल पॅलाडिनची. सुंदर. डीएम म्हणून मी अशा वेळी स्ट्रेंग्थ १३ नाही म्हणून अडवत नाही, दोन सेशन आधी बोलून अट सोडून देते. पण खूपदा असं होतं की खेळाडूला हवं असतं ते क्लासशिवायच मिळतं. ‘माझा फायटर आधी चोर होता’ याला रोगची लेव्हल कशाला? क्रिमिनल बॅकग्राउंड घे, स्टेल्थ, डिसेप्शन आणि कुलपं उघडायची हत्यारं पहिल्या दिवसापासून तुझी. थोडी जादू हवी तर मॅजिक इनिशिएट फीट, दोन कॅन्ट्रिप आणि पहिल्या लेव्हलचा एक स्पेल दिवसातून एकदा. आणि उलट कुणी वॉरलॉकच्या एक-दोन लेव्हल फक्त करिश्माने तलवार मारता यावी म्हणून घेतो तेव्हा मी एवढंच म्हणते की घे, पण तुझा पॅट्रन (वॉरलॉकला जादू देणारी शक्ती) माझ्या जगात खरा आहे, तो कधीतरी येऊन काहीतरी मागेल. निम्मे जण तिथे विचार बदलतात, आणि जे बदलत नाहीत त्यांच्याबरोबर कॅम्पेन रंगतं.

तू किती जणांच्या पार्टीत आहेस यावर पण बरंच आहे. तीन जणांची पार्टी असेल, कुणी ना कुणी रविवारी दांडी मारणार असेल, तर फायटरच्या जोडीला क्लेरिकची एक लेव्हल फार कामाला येते, आडवं पडलेल्याला उठवायला कुणीतरी लागतंच. तुम्ही पाच आहात. पाचात प्रत्येकाचं एक काम ठरलेलं असलं की सेशन छान जातं, आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा असलेला माणूस दुसऱ्या दोघांच्या सावलीत जातो.

आता तुझं कॅरेक्टर. तलवार रोज आणि जादू मधून मधून हवी असेल तर सरळ फायटर घे आणि तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट सबक्लास (फायटरची जादूवाली शाखा). पाचव्याला दोन हल्ले वेळेवर मिळतात, शील्ड स्पेल तिसऱ्यालाच मिळतो, सातव्याला वॉर मॅजिक येतं, कॅन्ट्रिप टाकून लगेच बोनस अॅक्शनने एक वार. तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मात्र तेराव्याला, म्हणजे फायरबॉल या कॅम्पेनमध्ये विसरायचा. जादू रोज आणि तलवार शोभेपुरती नाही तर खरोखर हवी असेल तर विझर्ड घे आणि दुसऱ्या लेव्हलला ब्लेडसिंगर सबक्लास, तो २०२० च्या टाशाज कॉल्ड्रनमध्ये आहे, डीएमला ते पुस्तक चालतंय का विचार. फायरबॉल पाचव्याला, दोन हल्ले सहाव्याला, त्यातल्या एकाच्या जागी कॅन्ट्रिप पण चालतो. तू प्रश्नात जे लिहिलंयस ते शब्दशः हेच आहे. फक्त हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी६, त्यामुळे ओगरच्या समोर एकटा उभा राहू नकोस.

आणि एवढं वाचून पण मल्टिक्लासच करायचा असेल तर एकच रस्ता मला मान्य आहे: पहिली लेव्हल फायटर, बाकी सगळ्या विझर्ड. क्रम महत्त्वाचा, कारण हेवी आर्मर आणि कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह ही फक्त पहिल्या लेव्हलला निवडलेल्या क्लासकडून मिळते, नंतर फायटर घेतलास तर दोन्ही नाही. सत्तावीस पॉइंटच्या पॉइंट-बायमध्ये (पॉइंट खर्चून अॅबिलिटी घ्यायच्या पद्धतीत) स्ट्रेंग्थ १३, डेक्स १०, कॉन १४, इंट १५, विस्डम १२, करिश्मा ८ बरोबर बसतात, आणि त्या १३ स्ट्रेंग्थमध्ये चेनमेलची अट पण भागते, मल्टिक्लासची पण. चेनमेल १६, ढाल २, डिफेन्स स्टाइल १, एसी १९ वर उभा असलेला विझर्ड. किंमत एवढीच की प्रत्येक नवा स्पेल एक लेव्हल उशिरा, फायरबॉल सहाव्याला. ही किंमत परवडण्यासारखी आहे. पण हा तलवारबाज नाही होत हे लक्षात घे, हा चिलखतातला विझर्ड आहे, तलवार म्यानातच राहते.

तुझ्या जागी मी एल्ड्रिच नाइट घेईन. आणि घेतलास तर ढाल घेऊ नको, ग्रेटस्वोर्ड घे. तलवार आणि ढाल दोन्ही धरलं की हात मोकळा नसतो आणि शील्ड स्पेलला हाताची खूण लागते, मग वॉर कास्टर फीट घेईपर्यंत अडतं. दोन हातांचं शस्त्र फक्त मारतानाच दोन हातांनी धरायचं असतं, एरवी एका हातात राहतं, त्यामुळे शत्रूच्या टर्नला तुझा एक हात मोकळाच असतो आणि शील्ड कधीही टाकता येतो.